हायाशी-सानांचा तिरका शिक्का

हायाशी-सानांच्या आडनावाचा शिक्का मी शंभर येनच्या दुकानातून विकत आणला आणि माझ्या सेवापत्रकावर स्वतःच्या हातानं नऊ वेळा मारला.

गुन्हा एवढाच. करायला वीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा शाई वाळायची वाट बघण्यात गेली. निस्तरायला किती लागली ते पुढे येईलच.

जपानात सहीला फारसं कोणी विचारत नाही. पार्सल घ्या, खातं उघडा, रजेचा अर्ज द्या, नावाचा शिक्का मारा. आडनाव चारचौघांसारखं असेल तर तो शिक्का दुकानात फिरत्या स्टँडवर तयार टांगलेला मिळतो. आमचं आडनाव सामंत. ते त्या स्टँडवर असायचं कारणच नव्हतं. बाबांनी स्वतःचा शिक्का मुद्दाम कोरून घेतला होता. पण हायाशी? वरून दुसऱ्या ओळीत, ढिगानं. स्टँड एकदा गरकन फिरवला आणि हायाशी माझ्यासमोर येऊन थांबला. मला तो शुभशकुन वाटला.

बाबा मुंबईतल्या एका बँकेच्या तोक्यो शाखेत होते. आम्ही तोक्योतल्याच कोतो भागात राहायचो. २०११च्या मोठ्या भूकंपाला तीनेक वर्षं होऊन गेली होती, पण टॉर्च, पाणी, पासपोर्ट आणि बिस्किटं भरलेली आईची पिशवी अजून दाराशीच असायची. त्यातली बिस्किटं जुनी होऊ न देण्याची जबाबदारी मी आपणहून घेतली होती. अमेरिकी धाटणीच्या एका कॉलेजात मी इंग्रजीतून जीवशास्त्र शिकत होतो. पुढे डॉक्टरकीला जाऊ म्हणणाऱ्या हुशार मुलांची तिथे एक संस्था होती, प्रीमेडिकल ऑनर सोसायटी. सभासदाला प्रमाणपत्र मिळायचं, कोटाला लावायची साप गुंडाळलेल्या काठीची पिन मिळायची आणि पदवीदानाच्या दिवशी गळ्यात घालायला एक सोनेरी गोंड्याची दोरी. मला मानवसेवेची ओढ आहे असं मी अर्जासोबतच्या निबंधात लिहिलं होतं. खरी ओढ दोरीची होती.

अर्ज केला त्याच आठवड्यात आईनं बिल्डिंगमधल्या मराठी बायकांना सांगून टाकलं, की निनादला मेडिकलच्या मानाच्या मंडळीत घेतलं.

"अगं, अजून घेतलं नाहीये."

"घेतील की. न घ्यायला काय झालं? मी शोभाताईंना समारंभाचं आमंत्रणसुद्धा देऊन ठेवलंय."

म्हणजे परतीचे दोर कापून झाले होते. मार्क कसेबसे बसत होते. निबंध वाचून मलाच गहिवरून आलं होतं. राहिली एक अट: फेब्रुवारीअखेर चाळीस तास सेवा, प्रत्येक तासावर तिथल्या प्रमुखाचा शिक्का. शेजारच्या इचिकावा शहरात वृद्धांसाठी दिवसभराचं एक केंद्र होतं. सकाळी गाडी आजी-आजोबांना घरून घेऊन यायची, संध्याकाळी परत सोडायची. माझ्यासारख्या स्वयंसेवकांची प्रमुख म्हणजे हायाशी-सान.

साठीच्या आसपासच्या, बुटक्या, ताठ. केस पट्टी धरून कापल्यासारखे. गळ्यात दोरीनं अडकवलेला स्वयंपाकघरातला टायमर, आणि उजव्या मनगटाला गुंडाळलेला निळा टॉवेल. हा घाम पुसायला असणार, असं मी पहिल्या दिवशी ठरवलं आणि तो विषय माझ्यापुरता मिटला.

"काय करायला आलास?" त्यांनी विचारलं.

"रुग्णांचा अनुभव घ्यायला."

"इथे रुग्ण नाहीत, पाहुणे आहेत. हात दे."

मी शेकहँडसाठी हात पुढे केला. त्यांनी तो डाव्या हातानं पकडला, मासळी ताजी आहे का बघतात तसा उलटासुलटा दाबला आणि सोडून दिला.

"थंड. गरम पाण्याखाली धर. मग ये."

त्या केंद्रात थंड हातानं कोणाला शिवायचं नाही हा नियम होता. "घाईत आलेल्याचा हात थंड असतो," असं बाई म्हणायच्या. हे शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे, असं मी जीवशास्त्राच्या आधारानं सांगून पाहिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला दुसऱ्यांदा नळाखाली पाठवलं. टायमर मात्र हात गरम झाल्यावरच सुरू व्हायचा. पहिल्या शनिवारी मी दोन तास केंद्रात होतो, पत्रकावर पडले एक तास एकतीस मिनिटं.

हे पत्रक म्हणजे माझ्या छळाचा दस्तऐवज होता. एका तासाला एक चौकोन. चौकोनाच्या डावीकडे तो तास ज्या पाहुण्यांबरोबर गेला त्यांचं नाव, उजवीकडे हायाशी-सानांचा शिक्का, आणि खाली बारीक अक्षरात कापलेली मिनिटं, कारणासहित. "उशीर, ४." "फोन, ३." "खिडकीबाहेर पाहणे, ६." हे शेवटचं वाचून मी भांडलो. म्हटलं, मी फुमि-सानांना खिडकीतून दिसणारं झाड दाखवत होतो. फुमि-सान त्र्याण्णव वर्षांच्या, व्हीलचेअरवरच्या, सदा हसऱ्या आजी. हायाशी-सान म्हणाल्या, "फुमि-सान झोपल्या होत्या."

आणि काम काय? मला वाटलं होतं रक्तदाब मोजू, चार्ट भरू. मला मिळाल्या बरण्या. खारवलेल्या आंबट फळांच्या, मुरंब्याच्या, सुकवलेल्या शेवाळाच्या. बाई शेजारी उभ्या राहायच्या आणि माझ्याकडून एकेक झाकण उघडून घ्यायच्या. बरण्या संपल्या की किटली. भरलेली किटली टेबलापर्यंत न्यायची मी, चहा ओतायच्या त्या, डाव्या हातानं, थेंबही न सांडता. मी घरी येऊन चरफडायचो.

"डॉक्टर व्हायला निघालोय की हलवाई?"

"इथे तरी कुठे बरणी उघडतोस?" आई म्हणायची. "तिथे जाऊन का होईना, शिकलास."

पाहुण्यांना "मदत करू का?" असं विचारायलाही बंदी होती. विचारायचं काय, तर "हे मला जमत नाही, दाखवता का?" माझ्या बाबतीत ते वाक्य बहुतेक वेळा खरंच असायचं, म्हणून मला ते जास्त झोंबायचं. पर्सिमनच्या फळाचं साल एका तुकड्यात कसं काढायचं, घडीचा पंखा कसा मिटायचा, मोजे कसे जोडीनं गुंडाळायचे, सगळं मला नव्वदीच्या बायकांनी शिकवलं, आणि त्या दरम्यान त्या इतक्या टवटवीत व्हायच्या की रुग्ण कोण आणि डॉक्टर कोण ते मला कळेनासं व्हायचं.

एकदा मात्र मी डाव साधला. नाकानोजी नावाचे एक अबोल आजोबा कोपऱ्यात बसायचे. बाई आत गेल्याची संधी घेऊन मी त्यांचं मनगट धरलं, घड्याळ काढलं आणि नाडी मोजली. एकशे अठ्ठावीस! मी पुन्हा मोजली. एकशे चौतीस! मी ओरडलो, नर्स पळत आली, आजोबांना आडवं केलं, यंत्र लावलं. यंत्र म्हणालं, अडुसष्ट. आजोबा त्या वर्षात पहिल्यांदा बोलले: "मला काय झालंय?"

हायाशी-सानांनी मला ती नाडी कशी मोजली ते परत दाखवायला लावलं. मी आजोबांचं मनगट धरलं.

"अंगठ्यानं धरतोस?"

"हो."

"अंगठ्यात स्वतःची नाडी लागते. शाळेतल्या मुलांना माहीत असतं."

त्या चौकोनाखाली आजही लिहिलेलं आहे: "स्वतःची नाडी मोजणे, १२."

जानेवारीतल्या एका शनिवारी जमीन हलली. त्या वर्षांत असे धक्के अधूनमधून बसायचेच, पण हा जरा लांबला. दिवे झुलायला लागले, कप खडखडले. पुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी टेबलाखाली होतो आणि कोणीतरी माझ्या डोक्यावरून हात फिरवत होतं. फुमि-सान व्हीलचेअरमधून वाकल्या होत्या. "बाळा, संपलं हं," त्या म्हणत होत्या. "ये बाहेर. संपलं."

मी टेबलाखालून पाहिलं तर हायाशी-सान भिंतीजवळच्या मोठ्या कपाटाला पाठ लावून, दोन्ही तळहात मागे टेकून उभ्या होत्या. ते कपाट भूकंपानंतर लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला ठोकून टाकलं होतं. हत्तीनं ओढलं असतं तरी हललं नसतं. तरी प्रत्येक धक्क्याला बाई जाऊन त्यालाच टेकायच्या. मनातल्या मनात मी हसून घेतलं. टेबलाखालच्या माणसानं कोणाला हसावं याचे काही नियम नसतात.

त्या दिवशी सात मिनिटं कापली गेली.

"भूकंपाचीसुद्धा?" मी अक्षरशः किंचाळलो.

"भूकंप दोन मिनिटं होता. बाकीची पाच तू टेबलाखाली होतास. तेवढा वेळ फुमि-सान सेवा करत होत्या, तू घेत होतास."

"मग ती दोन का कापली?"

"तेव्हाही तू टेबलाखालीच होतास."

अशी रडतखडत गाडी फेब्रुवारीत एकतीस तास दहा मिनिटांवर आली. तीन शनिवार हातात होते, जोर लावला तर जमलं असतं. आणि नेमक्या त्याच वेळी केंद्रातून निरोप आला: हायाशी-सान तीन आठवडे सुट्टीवर आहेत, तोवर स्वयंसेवकांनी येऊ नये. का, कशासाठी, काही नाही. मला संताप आला. सहा महिने मिनिटामिनिटासाठी मला पिळणारी बाई स्वतः तीन-तीन आठवडे गायब होते! आईनं तर समारंभासाठी साडीला फॉल लावून घेतला होता.

तेव्हा मला शरद ऋतूतला केंद्राचा उत्सव आठवला. त्या आठवड्यात शाळेतली मुलं, शेजारीपाजारी, ऑफिसातली माणसं असे पन्नासेक जण कागदी कंदील लावायला राबत होते, आणि हायाशी-सान दाराशी टेबल टाकून येईल त्याच्या पत्रकावर धडाधड शिक्के मारत होत्या. हे मला एका मित्रानं सांगितलं होतं. मी स्वतः त्या आठवड्यात ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या परीक्षेच्या नावाखाली घरी लोळत होतो. पण पन्नास जणांत कोण आलं आणि कोण नाही, हे कोणाच्या लक्षात राहणार? केंद्राचं एक कोरं पत्रक माझ्याकडे होतं. मी त्यावर उत्सवाच्या तारखा घातल्या, नऊ चौकोनांत डावीकडे फुमि-सानांचं नाव लिहिलं आणि उजवीकडे हायाशी, हायाशी, हायाशी. एकूण चाळीस तास दहा मिनिटं. वरची दहा मिनिटं मला फार देखणी वाटली. खोटं बोलणारा माणूस नेमके चाळीस भरेल, वर दहा कशाला ठेवील?

पत्रकं स्वीकारली गेली. नाव यादीत लागलं. आईनं बेसनाचे लाडू केले.

माझ्या हिशेबात सगळं होतं, एक गोष्ट सोडून. संस्थेचे सल्लागार प्राध्यापक भारी सभ्य गृहस्थ. त्यांनी प्रत्येक केंद्राला विद्यार्थ्याच्या पत्रकांची प्रत जोडून आभाराचं पत्र पाठवलं. या देशात चोर चौकशीनं सापडत नाही, आभारानं सापडतो.

आठवड्याभरात हायाशी-सानांचं उत्तर आलं. प्राध्यापकांनी ते मला त्यांच्या खोलीत वाचून दाखवलं. आधी वसंताची चाहूल लागल्याबद्दल चार ओळी, मग प्राध्यापकांच्या प्रकृतीची चौकशी, आणि मग अत्यंत नम्र भाषेत: "सामंत-कुन यांच्या एकतीस तास दहा मिनिटांबद्दलचे आपले आभार आम्ही कृतज्ञतापूर्वक स्वीकारतो. उरलेल्या नऊ तासांचे आभार स्वीकारण्याचा अधिकार आम्हाला नाही. ते परत पाठवत आहोत."

प्राध्यापकांनी पत्राची घडी घातली. "तुम्हाला काही सांगायचंय?"

मी म्हणालो, "वसंत यंदा खरंच लवकर आलाय."

नाव यादीतून गेलं.

घरी जे झालं त्यात आईचं रडणं एक वेळ परवडलं. बाबा ओरडले नाहीत, ते जास्त वाईट होतं. "एकवीस वर्षं बँकेत आहे," एवढंच म्हणाले. "दुसऱ्याचा शिक्का नुसता हातात धरायचा झाला तरी मी त्याची परवानगी घेतो. आणि माझा मुलगा..." मग त्यांनी चष्मा लावून दोन्ही पत्रकं शेजारी शेजारी ठेवली, आणि नाही म्हटलं तरी त्यांच्यातला बँकवाला जागा झाला.

"हे बघ. बाईंचा प्रत्येक शिक्का डावीकडे कललेला आहे. तुझे सगळे सरळसोट."

"मग?"

"आमच्या तानाबे-सानांनी शिकवलं होतं मला. इथल्या जुन्या ऑफिसांत हाताखालचा माणूस शिक्का असा तिरका मारतो. डावीकडे साहेबाचा शिक्का असतो ना, त्याच्याकडे झुकवून. म्हणजे शिक्क्यानं नमस्कार करायचा. गाढवा, नक्कलसुद्धा धड करता येत नाही तुला."

मी पत्रक बघत राहिलो. डावीकडे साहेबाचं नाव नव्हतं. डावीकडे फुमि-सान होत्या, नाकानोजी होते. म्हणजे ही बाई सहा महिने प्रत्येक तासाला त्या म्हाताऱ्यांपुढे वाकत होती! मला भरून आलं. स्वतःच्या नीचपणाबद्दल इतकं छान वाटण्याची ती माझी पहिलीच वेळ.

दोनच दिवसांनी फोन आला.

"सामंत-कुन? हायाशी. नऊ तास राहिलेत. शनिवारी दहाला."

"हायाशी-सान, मला काढून टाकलंय त्यांनी."

"त्यांनी काढलं. आम्ही नाही. दहा म्हणजे दहा."

मी गेलो. का गेलो ते आजही सांगता येत नाही. बहुधा नाही म्हणायची हिंमत झाली नाही म्हणून. पश्चात्तापानं उजळलेला चेहरा घेऊन गेलो होतो. कोणी पाहिला नाही. हात थंड निघाले, नळाखाली परत पाठवलं. बरण्या तशाच वाट बघत होत्या. शिक्क्याबद्दल, पत्राबद्दल बाईंनी चकार शब्द काढला नाही. ते नऊ तास भरायला मला बारा लागले. "उसासे टाकणे, ५" असाही एक चौकोन त्यात आहे. दरम्यान माझ्याशिवाय समारंभ पार पडला. लाडू आम्हीच संपवले, आणि शोभाताईंना काय सांगायचं या काळजीत आई महिनाभर दुसऱ्या लिफ्टनं जात होती.

शेवटच्या शनिवारी हायाशी-सानांनी शेवटचा शिक्का मारला. तिरका. मग सायकल काढली आणि माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत ती हातात धरून चालत आल्या, एका हातानं, डाव्या. एप्रिल लागला होता. मी रात्रभर जागून पाठ केलेलं भाषण सुरू केलं. शिक्क्याचा नमस्कार, त्यातली नम्रता, ज्येष्ठांपुढे झुकलेलं आडनाव. जपानीतली सगळी आदरार्थी क्रियापदं मी त्यात एकदाची वापरून घेतली. शेवटी म्हणालो, "माझे शिक्के ताठ होते, म्हणून तुम्ही ओळखलंत. शिक्का नाही, मीच ताठ होतो."

हायाशी-सान थांबल्या. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जसं झाकण न उघडणाऱ्या बरणीकडे बघायच्या.

"कसला नमस्कार?"

"तिरका शिक्का..."

त्यांनी निळा टॉवेल सोडला. मनगट एका बाजूला जाडसर, वाकडं जुळलेलं होतं आणि त्यावर टाक्यांची ताजी लाल रेघ होती.

"मोठ्या भूकंपाच्या दिवशी कपाट फुमि-सानांवर येत होतं. ते धरलं. तेव्हापासून हात सरळ वळत नाही, म्हणून शिक्का तिरका. फेब्रुवारीत ऑपरेशन केलं. तरी तिरकाच पडतो."

बरण्या. किटली. डाव्या हातानं ओतलेला चहा. सहा महिने तो हात माझ्या नाकासमोर होता, आणि मी अंगठ्यानं माझीच नाडी मोजत बसलो होतो. पुढे मी डॉक्टर झालो नाही. नागोयात मोटारींच्या सीटांचे पट्टे तपासतो. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीनं घात केला असं मी सगळ्यांना सांगतो.

गाडीची वेळ झाली होती. पण एक प्रश्न राहिलाच होता.

"मग तुम्ही ओळखलंत कसं? उत्सवात तर पन्नास जणांना शिक्के मारले होतेत तुम्ही."

"कोणाला मारले, मला आठवत नाही," हायाशी-सान सायकलवर बसत म्हणाल्या. टायमर त्यांच्या गळ्यात डुलत होता. "पण तुझ्या कागदावर नऊ तास होते आणि खाली एकही मिनिट कापलेलं नव्हतं. सामंत-कुन, तू आणि पूर्ण तास?"